जॅकेट बीसीडीवरून बॅकप्लेट-विंगवर येताना : घरातल्या फिटिंगपासून समुद्रापर्यंत एकेक पायरी

नवीन बॅकप्लेट-विंगचा सेट घेतला की पहिल्यांदा लक्षात येतं ते हे की जॅकेट बीसीडीसारखं, म्हणजे स्कूबा डायव्हिंगच्या नेहमीच्या हवा भरायच्या जॅकेटसारखं, हे घालून बेल्ट ओढले आणि झालं असं नाहीये. हातात येते एक धातूची प्लेट, एक विंग म्हणजे पाठीवरची फुगवायची हवेची पिशवी, जवळजवळ साडेतीन मीटरचा एकच सलग पट्टा, काही डी-रिंग, ट्रायग्लाइड म्हणजे पट्टा अडकवायच्या धातूच्या पट्ट्या, आणि एक बकल. हे सगळं तुमच्या अंगाच्या मापाला तुम्हीच बसवायचं असतं. एकदा नीट बसलं की पाण्यात इतकं स्थिर वाटतं की परत जॅकेट घालावंसं वाटत नाही, पण ते नीट बसेपर्यंत धीर धरायला लागतो आणि बरेच जण तिथेच कंटाळतात, दोन डायव्ह करतात, खांदे दुखतात, पाण्यावर तोंड पुढे पडतं, आणि सेट कपाटात जातो. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

हा प्रकार मुळात फ्लोरिडाच्या पाण्याखालच्या गुहांमध्ये जाणाऱ्या डायव्हर्सनी तयार केला, १९७० च्या दशकाच्या शेवटापासून पुढे. पाठीवर दोन टँक, अरुंद जागा, आणि तळाचा गाळ उडाला तर बाहेरचा रस्ताच दिसणार नाही अशी परिस्थिती, त्यामुळे आडवं राहणं आणि अंगावर काहीही लोंबकळत न ठेवणं ही त्यांची गरज होती. त्यातले विल्यम होगार्थ मेन यांच्या नावावरूनच साध्या, कमीत कमी सामानाच्या रचनेला होगार्थियन म्हणतात. आपण गुहेत जाणार नाही आहोत, आपण कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला किंवा अंदमानातल्या हॅवलॉकला एका टँकवर डायव्ह करणार आहोत, पण आडवं राहणं आणि काही न लोंबकळणं याचा फायदा प्रवाळावरसुद्धा तितकाच आहे.

पुढचं सगळं एका टँकच्या, साध्या रिक्रिएशनल डायव्हिंगसाठी आहे. तुम्ही सर्टिफाइड आहात असं धरून चाललोय. आणि पहिल्यांदा पाण्यात जाताना हा सेट वापरणारा इन्स्ट्रक्टर किंवा अनुभवी बडी, म्हणजे जोडीदार डायव्हर, बरोबर असावाच, वाचून सगळं कळत नाही.

घेताना काय बघायचं

प्लेट दोन धातूंत मिळते, स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम. ३ मिमी जाडीची स्टीलची प्लेट साधारण अडीच ते पावणेतीन किलो भरते, अ‍ॅल्युमिनियमची एक किलोच्या आसपास. आपल्याकडच्या गरम पाण्यात ३ मिमीचा वेटसूट घालून ११.१ लिटरचा अ‍ॅल्युमिनियम टँक वापरणार असाल, आणि भारतात बहुतेक डाइव्ह सेंटरवर तोच मिळतो, तर स्टीलची प्लेट छान पडते कारण बुडण्यासाठी लावायचं तेवढं शिसं कमरेवरून कमी होतं. पण तुम्ही नुसता रॅशगार्ड घालून डायव्ह करता, अंगाने सडपातळ आहात आणि तसंही दोनच किलो लावता, तर स्टीलची प्लेट जास्तच जड होईल, तिथे अ‍ॅल्युमिनियम घ्या. विमानाने अंदमानला जाणाऱ्यांनी बॅगेचं वजनही धरा, १५ किलोत दीड-दोन किलोचा फरक खूप असतो.

विंग एका टँकसाठीचीच घ्या. साधारण १३-१४ किलो उचलणारी पुरते. मोठी विंग म्हणजे जास्त सुरक्षित असं वाटतं पण ते खरं नाही, दोन टँकची रुंद विंग एका टँकवर लावली की तिच्या दोन्ही बाजू वर येऊन टँकभोवती गुंडाळल्या जातात, आतली हवा त्यात अडकते आणि सोडता येत नाही. आकार पूर्ण गोल असेल, म्हणजे हवा खालून एका बाजूची दुसरीकडे जाऊ शकते असा, तर शिकायला सोपं जातं.

घरात, कोरड्यात

ही पायरी कोणी टाळू नका. यातच अर्धं काम होतं, आणि एका बैठकीत होत नाही.

पट्ट्याचा मध्य शोधून मार्करने खूण करा. तो मध्य प्लेटच्या वरच्या बाजूला, दोन्ही खांद्यांच्या फटींच्या मधे येईल असा पट्टा ओवायचा, मग दोन्ही बाजू खांद्यावरून खाली येऊन प्लेटच्या खालच्या कडेच्या फटीतून कमरेकडे वळतात. आता एक गोष्ट डोक्यात पक्की करा, पट्टा एकच आहे, त्यामुळे खांद्याला दोन सेंटीमीटर कमी केलं की कमरेला तेवढंच वाढतं. म्हणून आधी खांदे, मग कंबर, हा क्रम. उलट केलंत तर दोन्हीकडे सारखं परत परत करत बसाल.

फिटिंग नेहमी जो सूट घालून डायव्ह करता तोच घालून करा. टी-शर्टवर बसवलेला हार्नेस, म्हणजे हा पट्ट्यांचा साज, ३ मिमीच्या सूटवर घट्ट होतो आणि ५ मिमीच्या सूटवर तर घालताच येत नाही. हो, घरात पंखा लावून वेटसूट घालून उभं राहणं चमत्कारिक वाटतं, तरी करा.

प्लेट पाठीवर घ्या, टँक नाही. खांद्यांचे पट्टे किती घट्ट? दप्तरासारखे ओढून घ्यायचे नाहीत, सगळ्यांचा हात तिकडेच जातो कारण जॅकेटमध्ये तेच करायची सवय असते. कॉलरबोनवर पट्ट्याखाली दोन-तीन बोटं आरामात सरकली पाहिजेत, दोन्ही हात छातीवर घडी घालता आले पाहिजेत, आणि एक हात खांद्यावरून मागे नेला की बोटांना प्लेटची वरची कड लागली पाहिजे. कड लागत नसेल तर प्लेट खाली गेलीये, पट्टे सैल आहेत. कड मानेत टोचत असेल तर प्लेट फार वर आहे. उभं राहून सैल वाटतं ते पाण्यात आडवं झाल्यावर बरोबर असतं, कारण तिथे प्लेट पाठीवर नुसती टेकलेली असते, खांद्यावर तिचा भार नसतोच. तिला जागेवर धरायचं काम कमरेचा पट्टा आणि मांड्यांमधून पुढे येणारा क्रॉच स्ट्रॅप करतात.

मग कंबर. हा पट्टा खांद्यापेक्षा घट्ट, पोट भरून श्वास घेता येईल इतपत. बकल अगदी मध्यावर न ठेवता उजवीकडे जरासं सरकवा म्हणजे क्रॉच स्ट्रॅपच्या लूपखाली दबत नाही आणि हाताने चटकन सापडतं. क्रॉच स्ट्रॅप असा ठेवा की ताठ उभं राहिल्यावर तो बेल्टला खाली ओढत नाही पण लोंबतही नाही. ज्यांनी जॅकेटच वापरलंय त्यांना याचं महत्त्व पटत नाही, पण हा नसेल तर विंग फुगवली की सगळा सेट पाठीवरून कानांकडे सरकतो.

डी-रिंग. छातीवरच्या दोन काखेच्या रेषेच्या जरा वर, म्हणजे कोपर वाकवून अंगठा सहज टेकेल तिथे. कमरेची एक, डाव्या बाजूला, हात सरळ खाली सोडला की जिथे पडतो त्याच्या थोडी मागे. डोळे मिटून तिन्ही डी-रिंग शोधून बघा. अडखळलात तर जागा बदला, हातांना बदलायला सांगू नका. डाव्या छातीच्या डी-रिंगच्या वर एक इलॅस्टिकची गाठ बांधून त्यातून इन्फ्लेटरचा होज, म्हणजे विंगमध्ये हवा भरायची-सोडायची नळी, घाला, तो तिथेच राहिला पाहिजे, पाठीमागे उडत शोधायला लागू नये.

आणि कापायची घाई करू नका!! पट्ट्याची टोकं लांब दिसतात, कमरेला हातभर उरतं, कात्री हातात येते. थांबा. उरलेलं टोक बेल्टमध्येच परत खोचून ठेवा, समुद्रात काही डायव्ह होऊ द्या, माप ठरू द्या, आणि मगच कापा, तेव्हाही बकलच्या पुढे वीतभर ठेवून. कापलेलं टोक लायटरने वितळवून गुळगुळीत करा नाहीतर धागे सुटतात आणि बकलमधून ओवताना जीव खातात. ठरलेली प्रत्येक जागा मार्करने खूण करून ठेवायची, ट्रायग्लाइड कुठे, डी-रिंग कुठे, कारण पाण्यात काहीतरी सरकणारच आणि मग परत कुठे आणायचं हे खुणेवरून कळतं.

टँक लावायच्या आधी विंग नुसती फुगवून रात्रभर ठेवा. सकाळी सैल झाली तर कुठेतरी गळतीये, व्हॉल्व्हची चकती हाताने घट्ट फिरवून परत बघा. नव्या विंगचे व्हॉल्व्हसुद्धा सैल असू शकतात.

टँक आणि होज

टँक दोन कॅम बँडनी बांधला जातो. काही विंगना मधे अ‍ॅडॅप्टर लागतो, काहींना नाही, तुमच्या विंगबरोबर काय सांगितलंय ते बघा. बँड नायलॉनचे असतात आणि नायलॉन ओलं झालं की ताणलं जातं, म्हणून आधी पाण्यात भिजवून मग आवळायचे. आवळल्यावर प्लेटच्या वरच्या हँडलला धरून सगळं उचला आणि टँक हलवून बघा. सरकला तर परत. भाड्याच्या बोटीवर हे काम दुसरा कोणी करून ठेवत असेल तरी स्वतःच्या हाताने तपासा, आपल्याकडच्या बोटीवरची मुलं मनापासून मदत करतात पण त्यांचा हात जॅकेटच्या एका बँडला सरावलेला असतो.

टँकची उंची ही ट्रिम, म्हणजे पाण्यातला आडवा तोल, सुधारायची पहिली किल्ली. सुरुवातीला असा लावा की मान मागे करून वर बघताना डोकं फर्स्ट स्टेजवर, म्हणजे श्वास घ्यायच्या रेग्युलेटरच्या टँकवर बसणाऱ्या भागावर, आपटत नाही, पण हात मागे नेऊन व्हॉल्व्हची मूठ बोटांना लागते. पुढे पाण्यात पाय बुडत असतील तर टँक डोक्याकडे एखाददोन इंच सरकवायचा, डोकं खाली जात असेल तर उलट.

रेग्युलेटर पहिल्या दिवशी फार बदलू नका. सात फुटी लांब होज आणि गळ्यातला बॅकअप ही चांगली पद्धत आहे, मलाही तीच आवडते, पण हार्नेस, विंग, वजन आणि होज सगळं एकाच दिवशी बदललं तर काय बिघडलं तेच कळत नाही. आधी नेहमीचा ऑक्टोपस, म्हणजे बडीला द्यायचा जादा रेग्युलेटर, ठेवा, त्याला छातीवर पक्की जागा द्या. बदलायला लागेल ते बहुधा दोनच, एक तर इन्फ्लेटरचा लो प्रेशर होज, जॅकेटचा लांब असेल तर इथे डोक्यामागे मोठी कमान करतो, साधारण ५५-६० सेंटीमीटरचा पुरतो, आणि दुसरं प्रेशर गेज, ज्याला बोल्ट स्नॅप, म्हणजे सरकत्या खिट्टीचा धातूचा हुक, बांधून डाव्या कमरेच्या डी-रिंगला लावायचं. बोल्ट स्नॅप प्लॅस्टिकच्या क्लिपने नाही, दोरीने बांधा, म्हणजे अडकलंच कुठे तर दोरी कापता येते.

खिसे नाहीत हे पहिल्यांदा फार जाणवतं. एसएमबी, म्हणजे आपली जागा दाखवायला पाण्यावर सोडायचा फुगा, आणि त्याच्या दोरीचं स्पूल ठेवायला मांडीचा खिसा असलेली शॉर्ट्स सूटवर घाला किंवा कमरेच्या पट्ट्यात ओवायची पिशवी घ्या. कटर कमरेच्या पट्ट्यावर, बकलच्या डावीकडे, दोन्ही हातांना पोचेल असा.

वजन, हे नीट वाचा

सगळ्यात जास्त गडबड इथे होते. जॅकेटबरोबर सहा किलो लावत होतात म्हणून इथेही सहा, असं अजिबात नाही.

हिशोब असा. स्टीलची २.७ किलोची प्लेट पाण्यात २.७ नसते, ती स्वतः जेवढं पाणी बाजूला सारते तेवढं वजा होऊन साधारण २.३-२.४ किलो उरते. अ‍ॅल्युमिनियमची ०.९ किलोची प्लेट पाण्यात जेमतेम अर्धा किलोची राहते. त्यात जॅकेटचं पॅडिंग आणि कापड स्वतःच थोडं तरंगत असतं, अर्धा-एक किलो त्याला बुडवायलाच जात होतं, ते इथे लागत नाही. म्हणजे स्टीलची प्लेट घेतलीत तर सहाच्या जागी तीनपासून सुरुवात करा. हा अंदाज आहे, उत्तर नाही, उत्तर पाणीच देणार.

आणि वजन तपासायचं ते डायव्हच्या शेवटी. ११.१ लिटरच्या टँकमध्ये २०० बारला अडीच किलोपेक्षा जरा जास्त हवा असते, हवेलाही वजन असतं हे आपण विसरतो. भरलेला अ‍ॅल्युमिनियम टँक अर्धा-पाऊण किलोने बुडतो, तोच रिकामा झाला की पावणेदोन-दोन किलोने वर जायला बघतो. सुरुवातीला बरोबर वाटलेलं वजन शेवटी कमी पडतं आणि ५ मीटरवर सेफ्टी स्टॉपला, म्हणजे वर यायच्या आधी थोडा वेळ थांबतो तिथे, तुम्ही बुचासारखे वर जायला लागता. म्हणून टँकमध्ये ५० बार उरले असताना, ५ मीटरच्या आसपास, विंग पूर्ण रिकामी करून, साधा श्वास घेत थांबता आलं पाहिजे. हळूहळू बुडत असाल तर वजन जास्त आहे, पुढच्या डायव्हला एक किलो काढा. थांबता येत नसेल तर एक किलो घाला. भरलेल्या टँकवर, पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत तपासायचंच असेल तर रिकाम्या विंगने, अर्धा श्वास धरून, पाणी डोळ्यांच्या रेषेत येईल इतकं वजन लावा आणि त्यात दोन किलो मिळवा, कारण २०० वरून ५० वर येईपर्यंत साधारण तेवढी हवा वापरली जाते.

स्विमिंग पूलमध्ये ठरवलेलं वजन समुद्रात चालत नाही. खारं पाणी साधारण अडीच टक्के जड, म्हणजे तुम्ही आणि तुमचं सामान मिळून शंभर किलो असाल तर समुद्रात अडीच किलो जास्त लागतील.

आता सुरक्षेचं. प्लेट फेकून देता येत नाही. म्हणून सगळं वजन प्लेटमध्ये आणि बँडवरच्या पिशव्यांत घालू नका, थोडं तरी असं ठेवा की गरज पडली तर हाताने सोडता येईल. वेटबेल्ट लावत असाल तर तो क्रॉच स्ट्रॅपच्या खाली दबला नाही ना हे प्रत्येक वेळी बघा, दबला असेल तर बकल उघडलं तरी तो पडणार नाही. आणि एक चाचणी उथळ पाण्यात बडीबरोबर जरूर करा, भरलेला टँक, विंग पूर्ण रिकामी, नुसत्या फिन्सवर वर येता येतंय का. दमछाक होत असेल तर सेट तुमच्यासाठी जड आहे.

पूलमध्ये

पुण्या-मुंबईत डाइव्ह सेंटरच्या मदतीने पूल मिळू शकतो, पहिला दिवस तिथेच घालवा. खोल जायची गरजच नाही, दीड-दोन मीटर पुरे.

घालणं आणि काढणं, हे आधी. एकसलग पट्ट्याला खांद्यावर क्लिप नसतात, त्यामुळे काढताना बकल सोडा, क्रॉच स्ट्रॅप बाजूला घ्या, डावा खांदा थोडा मागे नेऊन डावं कोपर पट्ट्याखालून वर काढा, मग सगळं उजवीकडे फिरवून उतरवा. कोरड्यात खांदा अडकतो, पाण्यात टँक तरंगत असतो म्हणून सोपं जातं. पाण्यात काढायचं असेल तर आधी विंगमध्ये हवा, मगच बकल. हे हाताला बसेपर्यंत करा कारण मालवण किंवा मुर्डेश्वरच्या लहान बोटींवर बरेचदा सामान पाण्यातूनच वर द्यावं लागतं, आणि तेव्हा बोट हलत असते, वरून दोन जण हात पुढे करून उभे असतात आणि खांद्याची क्लिप शोधत असतात जी नाहीच. त्यांना आधीच सांगून ठेवा की वरचं हँडल धरायचं.

मग पाण्यावर तरंगणं. सगळी हवा पाठीमागे, त्यामुळे विंग गच्च फुगवली की तोंड पुढे पाण्यात ढकललं जातं. ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. उपाय, विंग गच्च फुगवायचीच नाही, हनुवटी पाण्याबाहेर राहील इतकीच हवा, अंग जरा मागे रेला, पाय पुढे घ्या, आरामखुर्चीत बसल्यासारखं. तरीही पुढे पडत असाल तर वजन पोटाकडे आहे का बघा, ते मागे कॅम बँडवर नेलं की फरक पडतो. क्रॉच स्ट्रॅप सैल असेल तरी हेच होतं.

हवा सोडणं हे मला वाटतं सगळ्यात शांतपणे शिकायला हवं, कारण जॅकेटमध्ये इन्फ्लेटर वर केला की हवा गेली, तिथे फार विचार लागत नाही. विंगमध्ये हवेचा बुडबुडा नेहमी जो भाग सगळ्यात वर असेल तिथे जातो, म्हणजे तुम्ही आडवे असताना तो टँकच्या दोन्ही बाजूंना पसरलेला असतो आणि इन्फ्लेटरच्या तोंडाशी नसतोच. मग तुम्ही बटण दाबता आणि काहीच निघत नाही, आणि तुम्ही वर चाललेले असता, आणि तिथे माणूस घाबरतो. दोन पद्धती आहेत. एक, डोकं आणि डावा खांदा वर करा, उजवा खाली, इन्फ्लेटर होज सरळ वर धरा आणि बटण दाबा. दुसरी, मागे डाव्या बाजूला खाली जी डंप व्हॉल्व्हची, म्हणजे हवा सोडायच्या व्हॉल्व्हची, दोरी आहे ती ओढायची, पण त्याआधी डोकं किंचित खाली आणि कंबर वर, डावी बाजू वर, म्हणजे हवा तिथे जमा होते. दोन्ही पूलच्या तळाशी वीसदा करा. थोडी थोडी सोडा, तळाला पोचेपर्यंत बटण दाबून धरू नका.

इन्फ्लेटर अडकून विंग आपोआप फुगायला लागली तर? लो प्रेशर होजचं कपलिंग म्हणजे जोड एका हाताने काढायचं आणि दुसऱ्या हाताने हवा सोडायची, दोन्ही एकदम. हे हातमोजे घालून आणि डोळे मिटून जमलं पाहिजे. मग तोंडाने विंग फुगवणं, व्हॉल्व्हपर्यंत हात नेणं, गेज काढून बघून परत डी-रिंगला लावणं. कंटाळवाणं आहे पण लागतं.

शेवटी नुसतं थांबा. गुडघे वाकवून तळवे वर, हात पुढे, डोकं मागे, नजर समोर, आणि काहीही न हलवता अर्धा मिनिट. बडीला बाजूने व्हिडिओ काढायला सांगा. आपल्याला आडवे आहोत असं वाटतं आणि व्हिडिओत तीस अंशात तिरके असतो, हे बहुतेकांचं होतं. पाय बुडतायत की डोकं, ते बघून टँक सरकवा, नाहीतर एखादं किलो वरच्या किंवा खालच्या बँडवर न्या. एका वेळी एकच बदल, आणि बदल वहीत लिहून ठेवा.

समुद्रात

पहिली समुद्री डायव्ह उथळ, ओळखीच्या जागी, लाटा-प्रवाह कमी असताना. हॅवलॉकचा नेमो रीफ चांगला, किनाऱ्यावरून चालत जाता येतं आणि वजन बदलायला परत येता येतं. तारकर्लीला खोली कमी असते ते सोयीचं, पण व्हिजिबिलिटी रोज वेगळी, पाणी गढूळ असेल त्या दिवशी नवा सेट नको. नेत्राणी दुसऱ्या फेरीला ठेवा, तिथे बोटीवरून उडी, दोरी धरून खाली जाणं हे सगळं असतं आणि त्यात नव्या हार्नेसकडे लक्ष राहत नाही. कॅमेरा त्या दिवशी हॉटेलवर.

बडी चेकच्या वेळी तुमचा सेट बडीला दाखवा, खरंच हात लावून दाखवा. बकल कुठे, कसं उघडतं, इन्फ्लेटर कुठे, डंपची दोरी कुठे, वजन कुठे आणि कसं सोडायचं. खांद्याला क्लिप नाही, त्यामुळे तुम्हाला काही झालं आणि सामान पटकन काढायचं झालं तर पट्टा खांद्यावर कापायचा, हे त्याला आणि बोटीवरच्या गाइडलाही माहीत पाहिजे. बोटीवर जाड पट्टा कापेल अशी कात्री आहे का विचारा.

खाली जाताना सरळ उभे राहून इन्फ्लेटर वर, हवा सोडा, श्वास पूर्ण बाहेर टाका, कान सांभाळत जा, आणि दोन-तीन मीटरवर आडवे व्हा. खाली गेल्यावर सूट दाबला जातो, थोडी हवा घालावी लागते, अगदी टिचकीभर. ३ मिमीच्या सूटला फार नाही लागत. किक शक्यतो फ्रॉग किक, म्हणजे बेडकासारखी, कारण आडव्या अंगाला तीच शोभते आणि वाळू उडत नाही, प्रवाळावर तर कृपा करून हीच वापरा.

वर येताना प्रत्येक दोन-तीन मीटरला विंगमधून थोडी हवा काढत राहा, वेग वाढायची वाट बघू नका. सेफ्टी स्टॉपला ५० बारची तपासणी, वर लिहिली तशी. आणि बोटीवर आल्या आल्या, सूट काढायच्या आधी, लिहून ठेवा, किती वजन, टँक कुठे, काय सरकलं, कुठे टोचलं. उद्यापर्यंत ते आठवत नाही.

पहिल्या काही डायव्हमध्ये पाठीच्या खालच्या भागात प्लेट जाणवते, ते बोटीवर उभं असताना. पाण्यात जाणवत असेल तर मात्र फिटिंग बघा, बहुतेक वेळा कमरेचा पट्टा फार खाली असतो. खांद्याला लाल रेघा उठत असतील तर पट्टे घट्ट आहेत, पॅड विकत घ्यायच्या आधी एक सेंटीमीटर सोडून बघा. बायकांना छातीवरचे पट्टे काचतात अशी तक्रार असते, तिथे डी-रिंग थोड्या वर आणि बाहेर घेतल्या आणि लहान मापाची प्लेट वापरली की बराच फरक पडतो, छातीला आडवा पट्टा लावायची गरज सहसा पडत नाही.

धुणं आणि पावसाळा

डायव्हनंतर विंग बाहेरून धुणं पुरत नाही, आत समुद्राचं पाणी गेलेलं असतं आणि वाळलं की मिठाचे खडे बनतात, ते आतल्या पिशवीला घासतात आणि व्हॉल्व्हमध्ये अडकतात. इन्फ्लेटरच्या तोंडातून गोडं पाणी घाला, हवा भरा, उलटीसुलटी हलवा, डंपमधून काढा, दोनदा तरी. प्लेट अ‍ॅल्युमिनियमची आणि बोल्ट स्टीलचे असतील तर त्यांच्या सांध्यात मीठ राहिलं की अ‍ॅल्युमिनियम खायला लागतं, पांढरी पावडर दिसते, म्हणून हंगामात एकदा बोल्ट काढून धुवा. वाळवायचं ते सावलीत.

कोकणात जून ते सप्टेंबर डायव्हिंग बंद असतं आणि याच महिन्यांत दमटपणाने सामानाची वाट लागते. विंग अर्धवट फुगवून टांगून ठेवा, पिशवीत कोंबू नका, नाहीतर आतल्या बाजू एकमेकींना चिकटतात आणि बुरशी येते. पट्टा पूर्ण कोरडा करूनच आत. ऑक्टोबरात पहिल्या डायव्हआधी परत ती रात्रभर फुगवून ठेवायची चाचणी, कपलिंग आणि व्हॉल्व्ह, पट्ट्याच्या फटींजवळ धागे विरलेत का, आणि मार्करच्या खुणा फिक्या झाल्या असतील तर पुन्हा गडद करून घ्या. पावसाळ्यात वजन वाढलं-घटलं असेल तर कमरेचं माप आणि शिसं दोन्ही नव्याने तपासा.